पटाशीच्या दातांतली कॅव्हिटी: पहिला बर कुठून लावायचा?

एका मुलीच्या वरच्या पटाशीच्या दातांत, ११ आणि १२ (उजवीकडचा मधला दात आणि त्याच्या शेजारचा) यांच्या फटीत, समोरून बघितलं की एक करडी सावली दिसते. समोरच्या इनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थराला, भोक नाही, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, पण रंग आतून गेलेला असतो. मागून आरसा धरला की १२ च्या मेसियल, म्हणजे मधल्या दाताकडच्या, बाजूला तपकिरी कड दिसते आणि प्रोब (तपासायची टोकदार सळई) तिथे अडकतो. इंटर्न एअररोटर (वेगाने फिरणारं ड्रिल) उचलतो आणि बर, म्हणजे त्याचं कापणारं टोक, थेट त्या करड्या सावलीवर, समोरून, टेकवायला जातो. हा हात मी दर वर्षी कुणाचा तरी धरून थांबवते. बर तिथे टेकला असता, तर दोन सेकंदांत समोरचं निरोगी इनॅमल गेलं असतं. मग पुढची वीस वर्षं त्या मुलीच्या हसण्यात कॉम्पोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरावाचा) ठिपका राहिला असता आणि तो दर काही वर्षांनी पिवळा पडला असता.

बीडीएसच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी, इंटर्न आणि नुकतंच क्लिनिक सुरू केलेले डॉक्टर यांच्यासाठी हे लिहिते आहे. समोरच्या दातातली कॅव्हिटी तयार करताना हाताच्या कौशल्याआधी निर्णय लागतो, आणि तो बर फिरायच्या आत घ्यावा लागतो. कुठून शिरायचं, कुठे थांबायचं आणि काय मुद्दाम शिल्लक ठेवायचं, एवढं पक्कं झालं की उरलेलं काम फार थोडं असतं.

चांदीचे नियम इथे नकोत

वर्गीकरण आपण अजून जी. व्ही. ब्लॅक यांचंच वापरतो. पुढच्या दातांच्या फटीतली, पण कोपरा शाबूत असलेली कॅव्हिटी म्हणजे क्लास थ्री. कोपरा गेला की क्लास फोर. हिरडीलगतच्या तिसऱ्या भागातली ती क्लास फाइव्ह. नावं ठेवा, पण ब्लॅक यांच्या काळाचे आकाराचे नियम बाजूला ठेवा. चांदी, म्हणजे अमलगमचा भराव, दाताला चिकटत नाही. तिला अडकून राहायला आतून रुंद खोका लागतो, आणि तुटू नये म्हणून दीड-दोन मिलिमीटर जाडी लागते. रोग नसलेला दातही त्यासाठी कापावा लागायचा.

१९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फरिक ॲसिड ३० सेकंद इनॅमलवर लावलं आणि ॲक्रिलिक रेझिन त्यावर कितीतरी जास्त घट्ट धरतं हे दाखवलं. पुढे राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए रेझिन तयार केलं, त्याचं पेटंट १९६२ चं. या दोन गोष्टींनी कॅव्हिटीचा आकारच बदलला. आता भराव धरून ठेवतं ते कडेचं इनॅमल. म्हणून कॉम्पोझिटसाठीच्या कॅव्हिटीला ठरलेला आकार नाही: कीड जेवढी, तेवढी पोकळी. भिंती समांतर नसल्या, तळ सपाट नसला, कोपरे गोल राहिले, तरी चालतं. उलट गोल कोपरेच बरे, त्यांत कॉम्पोझिट नीट बसतं आणि ताण एका जागी साठत नाही.

बर उचलण्याआधी

दात कोरडा करा आणि लाईट क्युअरचा (कॉम्पोझिट कडक करणाऱ्या दिव्याचा) किंवा साध्या फायबर ऑप्टिकचा प्रकाश मागच्या, म्हणजे पॅलेटल, बाजूने टाका. पुढच्या दातांची जाडी कमी असते, त्यामुळे फटीतली कीड गडद सावलीसारखी स्पष्ट दिसते. पुष्कळदा एक्स-रेपेक्षाही लवकर दिसते. मात्र लाईट क्युअर वापरताना नारंगी शील्ड घ्या, थेट डोळ्याने बघू नका. एक्स-रे घ्यायचा तो खोली कळावी म्हणून आणि मुळाच्या टोकाशी काही आहे का ते बघायला. थंड लावून पल्प (दाताच्या आतली नस) जिवंत आहे का तपासा. काळपट दिसणारा प्रत्येक दात किडलेला नसतो. लहानपणी मार लागून पल्प मेलेला दातही असाच करडा दिसतो, आणि त्यात कॉम्पोझिट भरून काहीच साधत नाही.

एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारा: इथे खरंच भोक पडलंय का? इनॅमल पांढुरकं, खडूसारखं झालंय पण पृष्ठभाग अखंड आहे, तर तिथे बरचं काम नाही. फ्लोराईड, फ्लॉस, खाण्याच्या सवयी आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी. कॅव्हिटी एकदा कापली की तो दात आयुष्यभर भराव बदलण्याच्या फेऱ्यात अडकतो.

मग चावा बघा. आर्टिक्युलेटिंग पेपर घालून दात मिटायला सांगा, खालचा जबडा पुढे सरकवायला सांगा. खालचे दात वरच्या दातांच्या मागच्या बाजूला नेमके कुठे टेकतात, ती खूण लक्षात ठेवा, हवं तर फोटो काढा. शक्य असेल तर कॅव्हिटीची कड त्या खुणेवर येऊ द्यायची नाही. रबर डॅम (दात कोरडे ठेवणारा रबराचा पातळ पडदा) लावल्यावर हे तपासता येत नाही, म्हणून आधीच.

शेडही, म्हणजे भरावाचा रंग, आत्ताच ठरवा. हे शेवटी करायचं काम नाही. डॅम लावला किंवा तोंड थोडा वेळ उघडं राहिलं की दात वाळतो आणि पांढरा दिसायला लागतो. त्या वेळी निवडलेली शेड दुसऱ्या दिवशी उघडी पडते. दात ओला, लिपस्टिक पुसलेली, खिडकीतला दिवसाचा उजेड, खुर्चीचा दिवा बंद. शेड गाईडवर पूर्ण विसंबू नका. वापरायच्या कॉम्पोझिटचा लहान गोळा बाँडिंग (भराव चिकटवणारं द्रव) न लावता दातावर ठेवा आणि क्युअर करून बघा. क्युअर झाल्यावर रंग बदलतो, आणि तोच खरा रंग. नंतर प्रोबने तो सहज उचकटून निघतो. पेशंटने नुकतंच दात पांढरे करायचं ब्लीचिंग केलं असेल तर दोन आठवडे थांबा. ब्लीचिंगनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला धरू देत नाही, आणि रंगही अजून स्थिरावलेला नसतो.

सुन्न करणं, डॅम आणि वेज

वरच्या पुढच्या दातांना २ टक्के लिग्नोकेन ॲड्रेनालिनसह, लेबियल बाजूने इन्फिल्ट्रेशन पुरतं. सुई टोचल्यावर आधी ॲस्पिरेट करा (दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना बघा), मग सावकाश द्या. ही जागा फार हुळहुळी असते. घाईने दिलेलं औषध पेशंट वर्षानुवर्षं विसरत नाही.

रबर डॅमबद्दल स्पष्टच लिहिते. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी तो १८६४ मध्ये वापरात आणला, आणि आजही आपल्याकडे कित्येक क्लिनिकमध्ये पाकीट न फोडताच पडून असतं. कारण दिलं जातं की पेशंटला आवडत नाही. माझा अनुभव उलटा आहे: तोंडात पाणी साठत नाही, म्हणून पेशंट निवांत पडतो. इनॅमल एच केल्यावर (ॲसिडने खडबडीत केल्यावर) लाळेचा किंवा श्वासातल्या दमटपणाचा स्पर्श झाला की ते बाँडिंग कमकुवत होतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. वर्षभराने कडेला तपकिरी रेघ उमटते तेव्हा कळतं. पुढच्या दातांसाठी सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा दात घ्या. काम सुळ्यावरच असेल तर पहिल्या प्रीमोलरपर्यंत जा. एकाच दाताला भोक पाडून डॅम लावला तर शेजारचे दात दिसत नाहीत आणि आकाराचा अंदाज चुकतो. डॅमची कड हिरडीच्या खाचेत उलटी वळवा, फ्लॉसची गाठ मारा.

आता फटीत लाकडी वेज (पाचर) घाला. हे कापण्याआधीच करायचं. वेजमुळे दात किंचित दूर होतात, हिरडीचा पापुद्रा आणि डॅम दोन्ही बरपासून वाचतात, आणि शेवटी मॅट्रिक्स स्ट्रिपच्या जाडीची भरपाई होऊन कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताशी होणारा स्पर्श) घट्ट येतो. वेजसोबत शेजारच्या दाताला लागून स्टीलची पातळ मॅट्रिक्स पट्टी सरकवा. शिकत असताना माझ्या हातून शेजारच्या दाताच्या इनॅमलवर बरची ओरखड उठली होती. पॉलिश करून ती गुळगुळीत केली, पण काही वर्षांनी तो पेशंट नेमकी तिथेच कीड घेऊन आला. तेव्हापासून पट्टीशिवाय मी फटीत बर नेत नाही.

क्लास थ्री: मागून शिरा

नियम सोपा आहे. जमेल तेव्हा पॅलेटल बाजूने शिरा. समोरचं इनॅमल वाचतं, रंग जुळवण्याची कसरत कमी होते, आणि पुढे भरावाचा रंग बदलला तरी समोरून दिसत नाही. समोरच्या इनॅमलखालचं डेंटिन किडून गेलं असेल, तरी ते इनॅमल कडक असेल, तडकलेलं नसेल आणि चाव्याचा मार त्यावर येत नसेल, तर ठेवा. चांदीच्या काळात आधार नसलेलं इनॅमल ठेवणं चूक होती. इथे आतून चिकटलेलं कॉम्पोझिटच त्याला आधार देतं.

समोरून शिरायचं ते फक्त काही कारणांनी. कीड मुळात समोरूनच फुटलेली असेल. दात एकमेकांवर चढलेले असल्यामुळे मागून गेलं तर जास्त दात कापावा लागेल. किंवा समोरूनच भरलेला जुना भराव बदलायचा असेल. समोरून हाताला सोपं पडतं, हे कारण यादीत नाही.

पहिल्यांदा आरशात काम करणं जड जातं हे मला माहीत आहे. आरसा मागच्या दातांच्या बाजूला, थोडा लांब धरा. असिस्टंटला हवेचा हलका झोत आरशावर मारायला सांगा, म्हणजे पाणी साचत नाही. बर दाताला न टेकवता, चालू न करता, एकदा पूर्ण हालचाल करून बघा. हे कोरडं फिरवणं मी इंटर्नकडून तीन वेळा करवून घेते.

बर लहान गोल घ्या: एक नंबर म्हणजे ०.८ मिलिमीटर, दोन नंबर म्हणजे १ मिलिमीटर व्यासाचा. कीड बहुतेक वेळा कॉन्टॅक्टच्या किंचित हिरडीच्या बाजूला सुरू होते, म्हणून त्याच पातळीवर शिरा. पॅलेटल मार्जिनल रिजच्या आतल्या बाजूला, शेजारच्या दाताला जेवढं जवळ जाता येईल तेवढं, पण न टेकता. बर इनॅमलच्या पृष्ठभागाला काटकोनात. सर्वांत जास्त चूक इथे होते. बर दाताच्या मध्याकडे सरकून टेकवला तर मागच्या बाजूला विनाकारण मोठं भोक पडतं आणि कीड मात्र फटीच्या बाजूला तशीच राहते. पाण्याचा फवारा चालू ठेवा, हलक्या हाताने, थांबून थांबून.

इनॅमल संपून डेंटिनमध्ये गेल्याचं हाताला कळतं, बर एकदम मऊ जातो. तिथे थांबा. बर बाहेर काढा, धुवा, वाळवा, बघा. मग तेच तोंड एवढंच मोठं करा की कीड दिसेल आणि एक्सकॅव्हेटर (कीड खरवडायचं हत्यार) आत जाईल. आतल्या भिंतीची खोली कुठलाही आकडा गाठण्यासाठी वाढवायची नाही. ढोबळमानाने बाहेरच्या पृष्ठभागापासून पाऊण ते सव्वा मिलिमीटर आत गेलात की बहुतेक लहान कॅव्हिटींचं काम होतं. हिरडीच्या बाजूला इनॅमल पातळ असतं, तिथे पाऊण पुरे. ही भिंत बाहेरच्या पृष्ठभागाच्या वळणाप्रमाणे वळलेली ठेवा. तरुण पेशंटचे पल्पचे शिंग मोठे असतात. सपाट, सरळ भिंत कापायला गेलात तर तेच आधी गाठाल.

कॉन्टॅक्टचं काय? कीड कॉन्टॅक्टच्या खाली संपत असेल तर कॉन्टॅक्ट फोडू नका. दातांचा मूळचा स्पर्श शाबूत राहिला तर त्याच्याइतका चांगला कॉन्टॅक्ट आपण हाताने घडवू शकत नाही. कोपऱ्याकडचं इनॅमलही असंच राखायचं. थोडं पातळ दिसलं म्हणून काढून टाकलं, तर क्लास थ्रीचा क्लास फोर होतो आणि काम तिप्पट वाढतं.

किती कीड काढायची?

जुनं शिक्षण होतं: काळं दिसेल ते सगळं काढा. आता तसं करत नाहीत. २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एकमताने मांडलेली भूमिका सांगते की रंगाऐवजी कडकपणावर जा. मी कॅव्हिटीचे दोन भाग करते, कडा आणि तळ.

कडांना दयामाया नाही. इनॅमल आणि डेंटिन जिथे जुळतात त्या रेषेवर सगळीकडे कडक, निरोगी डेंटिन हवं. एक्सकॅव्हेटर ओढला की कोरडा खरवडल्याचा आवाज यायला हवा. कीड याच रेषेने आडवी पसरते. समोरच्या इनॅमलच्या मागे, वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांत, आरसा फिरवून बघा. इथे मऊ भाग राहिला तर भराव गळतो. हे काम कमी वेगाच्या मायक्रोमोटरवर गोल बरने किंवा तीक्ष्ण स्पून एक्सकॅव्हेटरने करायचं. एअररोटरने स्पर्श कळत नाही.

तळाला, पल्पच्या दिशेला, हात आखडता घ्या. कॅव्हिटी उथळ किंवा मध्यम असेल तर चामड्यासारखं चिवट, ओलसर नसलेलं डेंटिन ठेवलं तरी चालतं. एक्स-रेत कीड पल्पच्या फार जवळ दिसत असेल, दात जिवंत असेल आणि रात्री आपोआप ठणकत नसेल, तर पल्पवरचा मऊ थरही थोडा ठेवून वरून बंद करणं हे पल्प उघडा पाडण्यापेक्षा केव्हाही बरं. कडा पक्क्या चिकटल्या की आत उरलेल्या जंतूंची रसद तुटते.

रंगाचा एक पेच पुढच्या दातांत येतोच. डेंटिन कडक आहे, पण गडद तपकिरी. मागे दाढेत असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. इथे ते समोरच्या पातळ इनॅमलमधून दिसतं. ते कापून पल्पकडे जाऊ नका. त्यावर अपारदर्शक शेडचा पातळ थर द्या, रंग झाकला जातो. कीड ओळखायचा रंग बाजारात मिळतो, पण तो पल्पभोवतीच्या निरोगी डेंटिनलाही रंगवतो. नवशिका माणूस त्यामागे लागला तर कापतच जातो. बोटांना शिकवा, रंगावर राहू नका.

पल्प अगदी जवळ आला असेल तर फक्त तेवढ्या ठिपक्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा कॅल्शियम सिलिकेटचं मटेरियल आणि त्यावर रेझिन मॉडिफाइड ग्लास आयोनोमर. सगळ्या तळाला लायनर फासला तर बाँडिंगला डेंटिन उरत नाही. झिंक ऑक्साइड युजेनॉल इथे नको. युजेनॉल रेझिनला घट्ट होऊ देत नाही. तात्पुरतं बंद करायचं असेल तर ग्लास आयोनोमर वापरा.

बेव्हल: कुठे द्यायचा, कुठे नाही

इनॅमल म्हणजे उभ्या दांड्यांची जुडी समजा. ॲसिडने दांड्यांची टोकं जशी छान खडबडीत होतात, तशा त्यांच्या बाजू होत नाहीत. बेव्हल, म्हणजे कडेला तिरका उतार, दिला की टोकं उघडी पडतात, चिकटायला जास्त जागा मिळते, आणि कॉम्पोझिट कडेला हळूहळू पातळ होत गेल्यामुळे दात कुठे संपला आणि भराव कुठे सुरू झाला ते डोळ्याला कळत नाही.

क्लास थ्रीमध्ये कड समोर आलीच असेल तर तिथे ४५ अंशांचा, पाव ते अर्धा मिलिमीटर रुंद बेव्हल पुरतो. बारीक दाण्याचा फ्लेमच्या आकाराचा डायमंड घ्या, एकदाच हलका फिरवा. मागच्या बाजूला आधी घेतलेली चाव्याची खूण आठवा. खालचा दात जिथे टेकतो तिथे बेव्हल नको. तिथे कॉम्पोझिटची पातळ कड चाव्याने तुटते. तिथे कड काटकोनात ठेवा. हिरडीच्या बाजूला इनॅमल नावापुरतंच राहिलं असेल, किंवा कड मुळावर, सिमेंटमवर गेली असेल, तरी बेव्हल नको. उरलंसुरलं इनॅमल आपणच संपवून टाकू. अशा मुळावरच्या कडेला पकड कमी वाटली तर आतल्या भिंतीच्या हिरडीकडच्या कोपऱ्यात पाव नंबरच्या गोल बरने पाव मिलिमीटर खोल चर देता येतो. पूर्ण इनॅमलच्या कडा असतील तर या चराची गरज नाही.

विदर्भ-मराठवाड्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तिथले पिवळे-तपकिरी डाग असलेले दात ॲसिडला लवकर दाद देत नाहीत. वरचा थर बारीक डायमंडने किंचित घासा आणि एचिंगचा वेळ वाढवा. धुऊन वाळवल्यावर खडूसारखा पांढरा, निस्तेज पृष्ठभाग दिसला तरच पुढे जा.

क्लास फोर: तुटलेला कोपरा

इथे कीड कमी आणि क्रिकेटचा बॉल, पायरी, सायकल जास्त. शाळकरी मुलगा आई-बाबांसोबत येतो. पहिला प्रश्न: तुकडा कुठे आहे? सोबत आणला असेल तर पाण्यात ठेवा, तोच परत चिकटवता येतो. सापडला नसेल आणि ओठ फाटला असेल तर ओठाचा एक्स-रे घ्या, तुकडा आत रुतलेला असू शकतो. मार लागल्यावर लगेच थंडाची चाचणी फसवी निघते. दात काही आठवडे, कधी महिनेही गप्प राहून पुन्हा शुद्धीवर येऊ शकतो. त्यामुळे उत्तर आलं नाही म्हणून लगेच रूट कॅनाल करू नका, ठरवून परत तपासा.

कापण्यासारखं इथे जवळजवळ काहीच नसतं. डॅमच्या आधी, बाँडिंग न लावता, कॉम्पोझिटने कोपरा ढोबळ घडवा, चावा जुळवा, क्युअर करा आणि मागून पुट्टीचा साचा घ्या. मग तो गोळा काढून टाका. नंतर या साच्यावर मागची भिंत आपोआप बरोबर येते. दाताची तयारी म्हणजे समोरच्या कडेला दीड ते दोन मिलिमीटर रुंद बेव्हल, आणि तो सरळ रेषेत नको. सरळ रेघ डोळा लगेच पकडतो. कड नागमोडी करा, काही ठिकाणी बेव्हल लांब ओढा, आणि शेवटी डिस्कने तो जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत पसरवा. मागे आखूड बेव्हल किंवा काटकोनातली कड, चाव्याच्या खुणेप्रमाणे. डेंटिन उघडं असेल तर गुळगुळीत, चकचकीत झालेला भाग डायमंडने हलका खरवडा.

क्लास फाइव्ह आणि मिश्री

ग्रामीण भागात बायका मिश्री लावतात, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासतात. दिवसातून कितीतरी वेळा. हिरडीजवळ दात पाचरीच्या आकारात झिजतो, आतलं डेंटिन चकचकीत पिवळं होतं आणि गार पाण्याने दात शिवशिवतात. कडक ब्रशने आडवं घासणाऱ्यांचेही दात असेच होतात. ही कीड नाही, त्यामुळे इथे कॅव्हिटी ‘तयार’ करायची म्हणून खोल जाऊ नका. उथळ, न शिवशिवणारी, हसताना न दिसणारी झीज तर भरायलाच हवी असंही नाही.

भरायची ठरली तर सगळ्यात आधी बारीक, औषध नसलेली रिट्रॅक्शन कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) हिरडीच्या खाचेत बसवा. कड दिसते आणि हिरडी कापली जात नाही. रक्त आलंच तर ॲल्युमिनियम क्लोराईड चालतं, पण भरपूर धुवा. फेरिक सल्फेट पुढच्या दातांजवळ टाळा, त्याचे काळे डाग राहतात. चकचकीत डेंटिनचा वरचा थर डायमंडने खरवडा, कारण त्यात बाँडिंग नीट मुरत नाही. वरची, इनॅमलची कड बेव्हल करा. खालची, मुळावरची कड काटकोनातच. आतली भिंत दाताच्या वळणासारखी बाहेर फुगीर, सगळीकडे सारख्या खोलीची. जागा कायम ओली राहत असेल तर कॉम्पोझिटचा हट्ट सोडा आणि रेझिन मॉडिफाइड ग्लास आयोनोमर भरा. ते सुंदर कमी दिसतं, पण टिकतं. आणि मिश्री सुटावी म्हणून त्याच बैठकीत पाच मिनिटं बोला. मावशींना रागावून उपयोग होत नाही. दात शिवशिवणं आणि मिश्री यांचा संबंध आरशात दाखवला की बऱ्याच जणी ऐकतात.

जुना भराव बदलताना

रंग जुळलेलं जुनं कॉम्पोझिट काढताना दात आणि भराव यांची सीमा दिसत नाही आणि निरोगी दात कापला जातो. ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा टॉर्च स्वस्तात मिळतो. बरीच कॉम्पोझिट त्यात दातापेक्षा वेगळी चमकतात. संरक्षक चष्मा घालून वापरा. नाहीतर शेवटचा पातळ थर पाण्याशिवाय, कमी वेगावर, वरून हवा मारत घासा. कॉम्पोझिट निस्तेज दिसतं, दात चमकतो. भरावाचा फक्त कोपरा उडालेला असेल तर सगळा उकरू नका, तेवढाच दुरुस्त करा.

भरण्याआधीची शेवटची नजर

धुवा, वाळवा, आरशाने चारही कडा बघा. इनॅमलच्या कडेला सैल कण लोंबत नाहीत ना? वेज सैल झाली असेल तर पुन्हा घट्ट करा. स्टीलची पट्टी काढून मायलर स्ट्रिप घाला. ३७ टक्के फॉस्फरिक ॲसिड आधी इनॅमलवर, मग डेंटिनवर. इनॅमलला १५ ते ३० सेकंद, डेंटिनला १५ च्या वर नको. तेवढाच वेळ, किंवा जास्तच, पाण्याने धुवा. डेंटिन हाडासारखं कोरडं करू नका, किंचित ओलसर चमक राहू द्या. पुढे बाँडिंग आणि दोन मिलिमीटरपेक्षा जाड नसलेले थर.

डॅम काढल्यावर चावा पुन्हा तपासा, आधीच्या खुणेशी ताडून बघा. आणि आरसा हातात देण्याआधी त्या मुलीला सांगा: ‘आत्ता दात वाळलेत, त्यामुळे ते भरावापेक्षा पांढरे दिसतील. आज रंगाचा विचार करू नका, उद्या सकाळी उजेडात बघा.’ हे आधी सांगितलं नाही तर ती आरशात बघून नाराज होते आणि आपण घाईने त्याच दिवशी शेड बदलायला बसतो. एका आठवड्याने पॉलिशसाठी बोलवा. तेव्हा दात पाणी पिऊन मूळ रंगावर आलेला असतो, आणि कडेला कुठे रेघ दिसते का हे तेव्हाच खरं कळतं.